नातवंडांचा खाऊ

“संध्याकाळपर्यंत या घरात एक तर तो डबा राहील, नाहीतर मी!” सासूबाईंनी सकाळी निर्वाणीचं सांगितलं.

डब्यात झुरळं होती, जाळीच्या झाकणाखाली, गॅलरीत. सून प्राणिसंग्रहालयाच्या कीटकघरात काम करते आणि तिथल्या खाद्याच्या साठ्याला जोड म्हणून ती झुरळं घरी वाढवते. जन्मभर चप्पल घेऊन झुरळांमागे धावलेल्या बाईच्या घरात हे चालणार कसं?

सुनेच्या ताब्यात प्रार्थनाकीटकांचं एक वेगळंच कुळ आहे. हिरव्या काडीसारखं, हात जोडून बसून राहणारं नव्हे. हे चपटे, निळ्या-हिरव्या धातूसारखे झळकणारे. झाडाच्या सालीवर सुसाट पळतात आणि सालीखालची झुरळं हुडकून खातात. पिंजऱ्यात त्यांची वीण टिकवणं अवघड. मागच्या खेपेला एकही पिल्लू जगलं नव्हतं. “नाद सोड,” वरिष्ठ म्हणाले होते. तिने सोडला नाही. सालीचा ओलावा रोज बोटाने चाचपत राहिली.

त्याच सकाळी अंडी फुटली. मुंगीएवढी काळी पिल्लं सालीवर पसरली. आणि खाद्याच्या खोलीत पाहते तो सगळी झुरळं उताणी! सफाईवाल्यांनी शेजारच्या गोदामात औषध फवारलं होतं. पिल्लं उपाशी राहिली की एकमेकांनाच खातात. तिने घरी फोन लावला.

“आई, डबा फेकलात?”

“जिन्यात नेऊन ठेवलाय. फेकतेच आता. का गं?”

“नका फेकू! पिल्लं उपाशी आहेत.”

“कोणाची पिल्लं?”

“माझी.”

 पलीकडून फोन आपटल्याचा आवाज.

थोड्या वेळाने प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी रिक्षा थांबली. सासूबाई उतरल्या. टॉवेलात गुंडाळलेला डबा दोन्ही हातांनी लांब धरलेला, तोंड वाकडं.

“रिक्षावाला विचारत होता, आत काय आहे. म्हटलं, नातवंडांचा खाऊ.”

सुनेने त्यातली बारीक झुरळं निवडून सालीवर सोडली. पिल्लं तुटून पडली.

आता ती कात टाकून मोठी झाली आहेत, अंगावर झळाळी चढली आहे. सासूबाई सुट्टीच्या दिवशी काचेपाशी उभ्या असतात. परवा एक पाहुणी म्हणाली, “शी, किडे!”

“जरा इकडून, उजेडात बघा,” सासूबाईंनी तिला दंडाला धरून सरकवलं. “आमच्या सूनबाईने वाढवलेत. कोणाला जमत नव्हतं.”

डबा पुन्हा गॅलरीत आला आहे. बटाट्याच्या साली सासूबाईच टाकतात, नाक दाबून.