दाबलेले संदेश : ४,८१२

देवाजींना बोलायची भारी सवय. शहराबाहेर वाडीतल्या औषधांच्या थंड गोदामाची राखण ते करतात. तिथल्या यंत्रांवर लक्ष ठेवणारा संगणक बसवला मी, मिहानच्या आयटी पार्कमधल्या मोठ्या इंजिनियरनं. औषध तापलं तर नोकरी जाणार देवाजींची, म्हणून दिवसाला दहा फोन. ‘सर, पंखा आवाज करून राहिला.’ ‘सर, दारात मुंगळे निघाले.’ मी पहिला उचलायचो, बाकीचे कापायचो.

संगणक देवाजींचाच भाऊ निघाला. एका पंख्याची तार सैल झाली आणि कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मिनिटाला हजारदा ‘पंखा सापडत नाही’ लिहू लागला. डिस्क भरली. तार घट्ट करायला वाडीला जावं लागलं असतं. मी एसीत बसून कर्नेलचं तोंड बांधलं. पाच सेकंदांत दहाच संदेश, बाकीचे मोजून फेकायचे. प्रत्येक तक्रारीला वेगळी मर्यादा द्यायची असते, हे मी नव्या लोकांना तासभर शिकवतो. स्वतः मात्र सगळ्यांना मिळून एकच दिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

रविवारी दुपारी गोदाम थंड ठेवणारा कॉम्प्रेसर बंद पडला. कर्नेलनं बोंब मारली, पण दहाच्या दहा जागा पंख्यानं आधीच खाल्ल्या होत्या. मी सीताबर्डीच्या बाजारात शर्ट बघत होतो. देवाजींचा फोन आला.

‘सर, पंखा...’

‘हो हो, माहीत आहे,’ म्हणून मी ठेवला. पुढचे पाच कापले. शर्टही घेतला नाही.

सोमवारी गेलो. पडद्यावर पंख्याच्या तक्रारींखाली ओळ होती: ‘गेल्या पाच मिनिटांत ४,८१२ संदेश दाबले.’ इन्सुलिनचे तीनशे खोके शेजारच्या, वेगळ्या कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या थंड खोलीत नीट रचलेले. साठीच्या देवाजींनी एकट्यानं वाहून नेले होते. कमरेला दुपट्टा करकचून बांधून ते स्टुलावर बसले होते.

‘देवाजी, पहिल्याच फोनवर का नाही सांगितलं?’ वर मीच विचारलं.

‘सांगूनच राहिलो होतो, सर. पंखा नाही, थंडीची मशीनच बंद झाली म्हणून. तुम्ही पंख्यावरच ठेवला फोन.’ मग स्वतःच हसले. ‘गलती माहीच आहे. मी बहुत बोलतो.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तार घट्ट केली, दोन मिनिटं लागली. प्रत्येक तक्रारीला वेगळी मर्यादा दिली.

आता देवाजींचा फोन येत नाही. रोज मीच करतो.

‘सब ठीक आहे, सर,’ म्हणतात, आणि मी कमरेचं विचारायच्या आत ठेवून देतात.