हरिश्चंद्राचा अबोला

सुगंधाचा कशावर म्हणून विश्वास बसायचा नाही. मासेवालीने बांगडा ताजा म्हटला की ही कल्ले उघडून बघणार, आणि कल्ले लाल दिसले की रंग तर लावला नाही ना म्हणून वर बोट घासणार. कट्टा गावच्या बाजारात ती येताना दिसली की नारळवाला आपणहूनच एकेक नारळ कानाशी धरून हलवायला लागायचा. अशा बाईच्या नवऱ्याचं नाव हरिश्चंद्र. "नाव हरिश्चंद्र म्हणान इस्वास ठेवचो काय?" असं ती चारचौघांत विचारायची.

हरिश्चंद्राला दोन गोष्टी छान जमत. भजनात टाळ धरणं आणि घरात अबोला धरणं. दारातलं फणसाचं झाड सुगंधाने त्याला न विचारता तोडून घेतलं, तेव्हा हा पेरणीपासून कापणीपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता. जेवताना मीठ हवं असलं तर भिंतीला सांगायचा. भिंत काही मीठ वाढत नाही, म्हणून सुगंधा वाढायची.

यंदा श्रावणात पुन्हा वाजलं. तो भजनाहून उशिरा आला, जेवण थंडगार झालेलं. "देवळातच रवा," ती म्हणाली, "थंयच बोंबलत बसा. ह्या घरात तुमचो आवाज नको माका." सकाळी हरिश्चंद्र उठला तो तोंड वाकडं, उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. इस्पितळातून घरी आला तेव्हा काठी टेकून चालू लागला होता, पण बोलणं काही परतलं नाही. काहीही विचारा, "ता, ता" एवढंच. सुगंधाने त्याला न्हाऊ घातलं, घास भरवले, आणि आपल्याच जिभेला हजार शिव्या घातल्या. बांद्याला दिलेली लेक अनुजा सारखी फोन करायची, आये, तू थकशील, थोडे दिवस माझ्याकडे ये, बाबांसाठी माणूस ठेवू. सुगंधा नाही म्हणायची. तिला घाबरायला झालं होतं, आणि त्या भीतीत ती त्याच्याजवळून हलत नव्हती.

मग चतुर्थी आली. वाडीतल्या भजनाचे बुवा दाजी आपली मंडळी घेऊन घरी आले. आरती सुरू झाली आणि खुर्चीत बसलेला हरिश्चंद्र गायला लागला. शब्द न् शब्द, धुतल्यासारखा स्वच्छ. पुढे भजनातही मागे नाही. चेहरा असा फुललेला की हा माणूस कधी आजारी होता असं कोणी म्हणू नये. शेवटी दाजींनी देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. त्यांच्या चढत्या सुरातल्या प्रत्येक मागण्याला मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणत होती, आणि त्यात हरिश्चंद्राचा आवाज सगळ्यांच्या वर होता. लोकांनी डोळे पुसले.

सुगंधाचे कोरडेच होते. मंडळी उसळ खाऊन गेल्यावर ती त्याच्यापुढे उभी राहिली. "चाय व्हयी?"

"ता," हरिश्चंद्र म्हणाला.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. देवाशी बोलता येतं, दाजींना साथ देता येते, मग बायकोनेच काय घोडं मारलंय? हा आजार नव्हेच. हा फणसावेळचा अबोला, फक्त ह्या वेळी डॉक्टरांना हाताशी धरून. आणि आपण ह्याला न्हाऊ घालतोय! तिने मनाशी ठरवलं, खरं दुखणं असेल तर मरेपर्यंत करीन. सोंग असेल तर पिशवी भरून बांद्याला जाईन, मग सांग म्हणावं भिंतीला.

मालवणात अशा रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवणारी अर्शिया नावाची मुलगी होती. सुगंधाने तिलाच धरलं. ती शांतपणे म्हणाली, "सोंग नाही हो काकी. बोलणं मेंदूच्या एका भागातून येतं, तिथे इजा झाली आहे. गाण्याला दुसऱ्या बाजूनेही वाट असते. तुम्ही साधी वाक्यंच त्यांच्याशी सुरात बोलून बघा."

"एकाच डोक्यात दोन बिऱ्हाडां?" सुगंधाने वाटेभर स्वतःलाच विचारलं. ह्या वयात चहा गाऊन विचारायचा? पोरगी शिकलेली, पण हरिश्चंद्राबरोबर संसार काही तिने केला नव्हता.

तेव्हा सुगंधाने आपली परीक्षा घेतली. चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, "ता, ता" करत कप पुढे ढकलला, बस्स. काय दम धरतो मेला, तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती पडवीत अचानक किंचाळली, "सरप! पायाकडे सरप!" हरिश्चंद्र काठी टाकून उठला आणि डाव्या हाताने तिला खेचून स्वतःच्या मागे घेतलं. तोंडातून शब्द नाही. तिला क्षणभर भरून आलं. पण संशय असा लगेच जातो थोडाच? अबोला धरला म्हणून कोणी बायकोला सापाच्या तोंडी देत नाही, असं म्हणून तिने अनुजाला उद्या येते म्हणून कळवलं आणि पिशवी काढली.

लुगडी भरून झाली. पडवीत हरिश्चंद्र बसला होता, आणि अर्शियाचं ते सुरात बोलणं एकदा करून बघितल्याशिवाय तिला जाववेना. गळा तिला देवाने दिलाच नव्हता. जन्मभर ऐकून जिभेवर बसलेला सूर एकच, गाऱ्हाण्याचा. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही, पण बघायला होतं कोण?

"बा देवा म्हाराजा," तिने चढत्या सुरात सुरुवात केली, "ह्या घरातल्या सुगंधान रागाच्या भरात घोवाक नको ते शब्द बोलल्यान..."

"व्हय म्हाराजा," हरिश्चंद्र म्हणाला. स्वच्छ.

तिने पिशवी खाली ठेवली. "तेचो राग घोवाच्या मनात अजून आसा..."

"व्हय म्हाराजा."

म्हणजे राग खरा, दुखणं सोंग. ती मटकन खाली बसली. पण सुगंधा ती सुगंधा, होकारावर तरी कसा विश्वास ठेवील? "आमच्या माळ्यार हत्ती बांधललो आसा..."

"व्हय म्हाराजा."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. हत्तीलाही हो, रागालाही हो. शब्द त्याचे नव्हतेच, सुराचे होते. सूर चढला की ते आपोआप पडत होते, पिकल्या आंब्यासारखे. खरंच बोलता येत नाही ह्याला. आणि मनात काय आहे ते आता कोणाला कळणार? तिने डोळे पुसले आणि त्याच सुरात, कशीबशी, शेवटचं म्हटलं.

"मगे ही सुगंधा घोवाक सोडून लेकीकडे बांद्याक जाता, ती परत येवची नाय..."

हरिश्चंद्राचं तोंड उघडलं. "व्ह" पर्यंत ओठ आले. गळ्याच्या शिरा ताणल्या, शब्द बाहेर पडायला धडपडत होता. हरिश्चंद्राने डावा हात उचलला आणि स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. बराच वेळ. डोळे तिच्या पिशवीवर होते, आणि पाणी बोटांवरून खाली येत होतं.

संध्याकाळी अनुजाचा फोन आला. "आये, उद्या कितीच्या गाडीन येतंस?"

"मी येवचंय नाय," सुगंधा म्हणाली. "बाबा नको म्हणाले."

"बाबा बोलले?"

"नाय गो. गप रवले."