‘पिस्तूल अडकते’

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. त्या ठेकेदारावर फिरतं आणि त्याहून जास्त माझ्यावर.

नाशिकमधल्या या ठेकेदाराच्या गाडीत गोळी सुटली आणि त्याच्या ड्रायव्हरच्या डाव्या मांडीत घुसली. पिस्तूल ठेकेदाराचं, परवान्याचं. आमच्या ठाण्यातला वॉटर कूलर त्यानेच दिलेला. मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि तो सांगेल तशी फिर्याद लिहून घेतली: उभ्या गाडीतून पिस्तूल चोरताना ड्रायव्हरकडून चाप ओढला गेला. ड्रायव्हर सुरगाण्याकडचा, तीन लेकींचा बाप. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याच्या खाटेशी मी शिपाई बसवला, चोर म्हणून!

तिसऱ्या दिवशी मुद्देमाल सांभाळणारे हवालदार रजिस्टर घेऊन आले. निवडणुकीआधी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. तेव्हा ठेकेदाराने स्वतःच्या तोंडाने शेरा लिहवून घेतला होता, ‘पिस्तूल अडकते’. हवालदारांचा प्रश्न साधा होता: अडकणारं पिस्तूल सुधारलं कुठे? परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्यांकडे नोंद नव्हती. मुख्यालयात हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररने ते उघडलं आणि कपाळाला हात लावला. आतला एक भाग कोणीतरी घरी घासला होता. नुसत्या धक्क्यानेही गोळी सुटत होती.

मग त्याच संध्याकाळी मी सिव्हिलला गेलो. ड्रायव्हर म्हणाला, “शेटनी सीटवर ठेवलं व्हतं. गाडी गतिरोधकावर आदळली अन् फुटलं. म्या हात बी लावला नाय.” शेटला महिन्याभरापूर्वी सातपूरला एका म्हाताऱ्याच्या घरी नेल्याचंही त्याने सांगितलं.

म्हातारा कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये वाइस आणि कानशी मांडलेल्या. तासभर एकच पालुपद, आपण बापजन्मात पिस्तूल पाहिलं नाही. टूलरूमच्या माणसाला शिवी एक वेळ चालते, कामाला नावं ठेवलेली चालत नाहीत. मी तो भाग टेबलावर ठेवला आणि म्हणालो, कोण्या शिकाऊने वाट लावलीय याची.

म्हातारा उसळला. “शिकाऊ? भिंग लावून बघा. एक ओरखडा सापडला तर मिशी काढीन.”

बोलून गेला आणि मग त्याला सगळंच सांगावं लागलं. शेटला पिस्तूल अडकायला नको होतं, म्हणून त्याने सगळं गुळगुळीत केलं. जन्मभर साच्यांचे डाय घासलेला माणूस. चाप ओढेपर्यंत जिथे अडायलाच हवं ते ठिकाणही त्याने सोडलं नाही. गोळी एकदा आपोआप सुटून भिंतीत घुसल्याचं ठेकेदाराने त्याला फोनवर सांगितलं होतं, तेही तो बोलला. म्हणजे सगळं ठाऊक असून हा गृहस्थ भरलेलं पिस्तूल सीटवर टाकून फिरत होता, आणि माणूस रक्तात पडल्यावर त्यालाच चोर ठरवत होता. चोर तो चोर, वर शिरजोर.

शस्त्र कायद्याखाली दोघांवर गुन्हा दाखल झाला, परवाना गेला. कूलर मी त्याच दिवशी ठाण्याबाहेर काढला. शिपाई कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं.

ड्रायव्हरचा पाय आता क्लच दाबत नाही. चोरीचा आरोप काढल्याचं मी त्याला सांगायला गेलो, तर तो खाली बघतच म्हणाला, “तीन दिस शिपाई उशाला बसला, साहेब. कुनी एकदा इचारायचं तरी.”

पुढे हाताखालच्या प्रत्येकाला मी बजावत आलो, रक्त ज्याचं सांडलं त्याचा जबाब आधी. सिव्हिल आमच्या ठाण्यापासून पायी पाच मिनिटांवर होतं. मला तिथे पोहोचायला तीन दिवस लागले.