अण्णा बसले की पेटणारा दिवा

या विश्वात मानवी बुद्धीच्या पलीकडची एक शक्ती आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ती बारा व्होल्टची आहे.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्याकडे दर वळणावर देवचार असतो म्हणतात... मला तिथे आजवर फक्त खड्डे भेटले.

आमचं घर कसालहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावर. गाडी जुनी, पेट्रोलवरची, चुलत्यांची — बाबलकाकांची. ते वारले, मूलबाळ नव्हतं, म्हणून माझ्याकडे आली. काका आणि माझे थोरले भाऊ अण्णा यांचं हद्दीच्या एका दगडावरून वैर. काकांनी भर बाजारात बजावलं होतं, "माझ्या गाडयेक ह्याचो पाय लागता नये." अण्णा निवृत्त मुख्याध्यापक आणि देवळाचे मानकरी. ते म्हणाले, "तुझ्या डब्यात बसतलो कोण?"

पुढे अण्णांच्या मूत्रपिंडांनीही निवृत्ती घेतली. कुडाळला डायालिसिस, तेही चुकवून चालणार नाही असं. डब्यात बसावं लागलं.

पहिल्याच दिवशी ते बसले आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला — म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नाही. हायवेवर गाडी बंद. भर उन्हात, सुजलेल्या पायांवर उभे राहून अण्णा मला शिव्या घालत होते. शेवटी एका टेम्पोवाल्याने त्यांना पोचवलं. मी गाडी ढकलून सुरू केली, एकटाच परत आलो... दिवा गायब.

कसालच्या यासीन इलेक्ट्रिशियनने बेल्ट बघितला, वायरी बघितल्या, शेवटी अल्टरनेटरच बदलला. मीटर चौदा व्होल्ट दाखवत होता. अण्णा बसले की बारासुद्धा नाही. यासीनला शाळेत अण्णांनी भरपूर चोपलेलं, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावरच. पण तोही वैतागला होता. सीटखाली वायर दबत असेल म्हणून आम्ही तिथे तांदळाची पोती ठेवली. दिवा नाही. पोती काढून अण्णांना बसवलं. दिवा!

"गुरुजी, उतरा." गेला. "बसा." लागला. "उतरा."

"माका उठाबशा घालूक लायतंस रे?" अण्णा कडाडले.

"तुम्ही माका लायल्यात तेवढ्यो खंय झाल्यो अजून!" यासीनने मीटर गुंडाळला. "भाऊ, बिघाड गाडयेत नाय. गुरुजीत आसा."

मी म्हटलं, "अण्णा, माझो इश्वास नाय... पण एकदा काकाची माफी मागून बघ."

"मेल्ल्याची माफी? त्यापेक्षा गाऱ्हाणा घालतंय!"

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. अण्णांचं गाऱ्हाणं लांबीसाठी प्रसिद्ध आहे. कुडाळला निघायच्या सकाळी ते मांडीवर नारळ घेऊन गाडीत बसले. इंजिन चालू, दिवा लाल.

"बा देवा म्हाराजा! ह्या बाबलान जितो आसताना दगड सरकवलो, आता मेल्यार दिवो पेटयता. तेका सद्बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

माफीचा शब्द नाही, नुसती काकांची बदनामी. काकांच्या आईबापांपर्यंत ते पोचले, तेव्हा दिवा जास्तच लाल वाटला... आणि अर्धमेल्या बॅटरीने जीव सोडला. इंजिन बंद. चावी फिरवली तर टिक्कही नाही. अण्णांना दम लागलेला, ओठ निळे. मी धावत जाऊन शेजारची रिक्षा आणली. अण्णा कुडाळला वेळेत पोचले, म्हणून वाचले.

तेव्हापासून ते त्याच रिक्षेने जातात आणि जाताना माझ्या गाडीकडे बघून थुंकतात. "बघ, ह्या रिक्षेक काय्येक होना नाय!" असं ऐकवतात. मी नवी बॅटरी घातली. दिवा परत कधी लागला नाही. अण्णा बसले की तो का लागायचा, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, यासीनकडेही नाही. गावाकडे आहे, पण ते मी मानत नाही.

परवा धीर करून रिक्षावाल्याला विचारलं — अण्णा बसले की तुझो चार्जिंगचो दिवो लागता काय रे?

"तो खंय लागता!" तो म्हणाला. "बल्ब जळान वर्सां झाली."