उजवीकडच्याची विनंती

आमच्या पप्पांना मुलुंडच्या चाळीत सगळे ‘साडेसात’ म्हणायचे. त्यांना चांगलं नाव होतं, आडनाव होतं, विक्रोळीच्या कारखान्यात फिटर म्हणून मान होता, पण चाळीला त्याचं काय? संध्याकाळचे साडेसात वाजले की आमच्या खोलीत कुटुंबाची उपासना सुरू. घरात कोण आलंय, कुकरची कितवी शिट्टी झालीय, मॅच कुठल्या ओव्हरला पोचलीय, हे सगळं नंतर. साडेसातला दोन मिनिटं असली की पप्पा गॅलरीत येऊन सतरंजी झटकायचे आणि खाली मैदानाकडे बघून ओरडायचे, “सॅमी, चल रे!” पोरं लगेच सुरू, “सॅम्या, पळ, तुझा देव थांबलाय!” त्या वयात मला वाटायचं, जमीन दुभंगावी आणि मी त्या सतरंजीसकट आत जावं.

शेजारच्या परब काकू तेवढा वेळ आपला टीव्ही बारीक करायच्या. त्या मालवणच्या, घरात गणपती, दर सोमवारी उपास. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. उलट पप्पा एकदा म्हणाले होते, “काकू, असू द्या हो आवाज, आम्हाला काही होत नाही.” त्यावर काकू म्हणाल्या, “तुमका नाय, माका होता.” पुढे पुढे त्या आमच्या उंबऱ्याशी स्टूल घेऊन बसायला लागल्या. लसूण सोलता सोलता ऐकायच्या. पप्पांचं गाणं इतकं बेसूर होतं की ते ऐकूनही ही बाई रोज परत येते, याचं मम्मीला कायम आश्चर्य वाटायचं.

बऱ्याच ख्रिस्ती घरांत घरातला मोठा माणूस प्रार्थना करतो आणि बाकीचे मान खाली घालून आमेन म्हणतात. आमच्याकडे पप्पांनी वेगळीच पद्धत पाडली होती. गीत झालं, शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचून झाला की गोल करून बसायचं. प्रत्येकानं आपली एक विनंती सांगायची, आणि प्रार्थना मात्र आपल्या उजवीकडे बसलेल्याच्या विनंतीसाठी करायची. स्वतःसाठी एक शब्द मागायचा नाही. “स्वतःसाठी कोण मागत नाही रे? त्याला काय अक्कल लागते?” असं पप्पा म्हणायचे. त्यामुळे कान देऊन ऐकावंच लागायचं. ऐकलं नाहीस की सगळ्यांसमोर पकडला गेलास.

एकदा एक विमा एजंट सव्वासातला आला आणि सापडला. पप्पांनी त्याला मम्मीच्या उजव्या हाताला बसवलं आणि विचारलं, “तुमची काय विनंती?” बिचारा घाबरून खरं बोलला, “साहेब, तुम्ही पॉलिसी घ्यावी.” मम्मीनं ओठ घट्ट दाबून, अगदी गंभीर आवाजात, या भावाच्या मनातली इच्छा पुरी होवो, अशी प्रार्थना केली. मी तोंडात रुमाल कोंबला होता. पप्पांनी दुसऱ्या दिवशी खरंच पॉलिसी घेतली. मम्मी चिडली तर म्हणाले, “आमेन कोण म्हणालं मग? आपणच ना?”

ते चेष्टेनं म्हणत नव्हते. आठवीत असताना मी रोज “माझी काही विनंती नाही” म्हणून सुटका करून घ्यायचो. एक दिवस काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं की गणिताचे सर मारतात, पाठीवर वळ उठलेत. मम्मी रडायला लागली. मी पप्पांच्या उजवीकडे होतो. त्यांनी अगदी दोन वाक्यांची प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, कंपनीच्या कपड्यांतच, शाळेत येऊन मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले. सरांनी परत हात लावला नाही. घरी येताना मी विचारलं, “पप्पा, प्रार्थना केली होती ना, मग आलात कशाला?” ते म्हणाले, “विनंती ऐकली की पाय हलले पाहिजेत. नुसते ओठ काय, बकरीचेही हलतात.”

माझं लग्न झालं, बोरिवलीला फ्लॅट घेतला. फ्रिज यायचा होता, पंखे लागायचे होते, पण पप्पा मुलुंडहून सगळ्यात आधी घेऊन आले ती नवी सतरंजी. रिकाम्या हॉलमध्ये ती अंथरली, मला आणि सुनीताला बसवलं आणि म्हणाले, “हे बघा, हा अजून नुसता फ्लॅट आहे. रोज एकत्र बसाल, एकमेकांचं ऐकाल, तेव्हा याचं घर होईल. दहा मिनिटं लागतात रे, जास्त नाही.” आम्ही दोघांनी हो म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं होतं. दोन महिने बसलोसुद्धा. मग मला बढती मिळाली, परदेशातल्या क्लायंटचे कॉल संध्याकाळी यायला लागले, रूथ झाली, आणि सतरंजी गेली बेडच्या बॉक्समध्ये.

पप्पा फोनवर विचारायचे, “बसता ना रे?” मी म्हणायचो, “हो पप्पा, रोज.” सुनीता समोरून बघत असायची. एकदा फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “खोटं कशाला बोलतोस? सांग ना, जमत नाही.” मी म्हटलं, “म्हातारा खूश राहतो ना, जाऊ दे.” हे असं मी माझ्या बापाबद्दल बोललो.

मम्मी गेली आणि पप्पा मुलुंडच्या खोलीत एकटे पडले. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणाले, चाळ सोडून करमणार नाही. मी फार आग्रह केला नाही. मुलुंड कुठे, बोरिवली कुठे, जायला-यायला अख्खा दिवस जातो, हे माझं पाठ झालेलं वाक्य होतं. मग त्यांनीच तोडगा काढला. रोज साडेसातला ते फोन करायचे. तिकडे ते, इकडे मी. दोघांचाच गोल, त्यामुळे मी त्यांच्यासाठी मागायचं, त्यांनी माझ्यासाठी. परब काकू आपल्या स्टुलावर असायच्याच, त्यांचं खोकणं मला ऐकू यायचं.

आता माझी हुशारी ऐका. मी फोन स्पीकरवर लावून लॅपटॉपच्या मागे ठेवायचो आणि माझ्याकडचा आवाज बंद करायचो. तिकडे पप्पांचं बेसूर गीत चाललेलं, इकडे माझ्या मेलला उत्तरं. गीत थांबलं, वाचन थांबलं, पप्पा विनंती सांगून गप्प झाले की आवाज चालू करायचा आणि माझी ठरलेली प्रार्थना म्हणायची. ती कुठल्याही दिवशी चालायची. पप्पांचे गुडघे, पप्पांची झोप, पप्पांना आजवर दिलेल्या आरोग्याबद्दल उपकार. एक मिनिटात आमेन. पकडला जाईन असं कधी वाटलंच नाही, कारण पप्पांनी कधी पकडलंच नाही.

एका बुधवारी पप्पा जरा जास्त वेळ बोलत होते. मी एका प्रेझेंटेशनमध्ये मान घालून बसलो होतो. मधेच लक्षात आलं की तिकडे शांतता आहे. घाईनं बटण दाबलं आणि सुरू केलं, “हे दयाळू पित्या, तू पप्पांना इतकं चांगलं आरोग्य दिलंस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो, त्यांना असंच ठणठणीत ठेव.” माझं झाल्यावर पप्पा लगेच काही बोलले नाहीत. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग त्यांचा आवाज आला, “आमेन. बरं सॅमी, ठेवतो. वेळेवर जेव.” त्या दिवशी माझ्यासाठी प्रार्थना करायची ते विसरले, असं मला वाटलं. बरंच झालं, पाच मिनिटं वाचली, असंही वाटलं.

दोन आठवड्यांनी परब काकूंचा फोन आला. पप्पांचे रिपोर्ट आले होते. पोटात गाठ होती, पसरलेली. मी भडकलोच. “काकू, एवढं सगळं झालं आणि मला कुणी सांगायचं नाही? मुलगा आहे ना मी?”

काकूंना राग आला की त्या मालवणीवर येतात. “सांगूक नाय? माझ्यासमोर सांगल्यान तुका! त्या बुधवारी. ‘सॅमी, उद्या गाठीचो तुकडो काढतले, माका भीती वाटता, तू येशीत काय,’ असा इचारल्यान. आणि तू काय बोललस? ठणठणीत ठेव! मगे माझो हात धरून गेलो तो हॉस्पिटलात.”

मी रस्त्यावर उभा होतो, तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो.

ज्या माणसानं माझ्या पाठीवरच्या वळांसाठी अर्धी रजा टाकली, त्यानं आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही मागितलं, तेही नियम पाळून, माझ्याकडून. आणि मी ते न ऐकता देवाचे आभार मानले. शरम हा शब्द फार लहान आहे.

त्या दिवशी मुलुंडला पोचलो तेव्हा पप्पा खाटेवर बसून पेपर वाचत होते. “ट्रॅफिक लागलं असेल ना रे?” एवढंच म्हणाले. मी वाट बघत होतो की हे आता बोलतील, ओरडतील, निदान तिरकस काहीतरी म्हणतील. काही नाही. मी त्यांना बोरिवलीला घेऊन आलो. सतरंजी बाहेर काढली. तिच्यावरची घडी इतकी कडक झाली होती की ती कित्येक वर्षं उघडलेली नाही, हे कुणीही ओळखलं असतं. पप्पांनी हातानं ती सपाट केली आणि रूथला म्हणाले, “ये गं, आजोबाजवळ बस.”

ते आणखी साडेतीन महिने होते. रोज साडेसातला आम्ही चौघं बसलो, एकही दिवस चुकला नाही. मी मुद्दाम पप्पांना माझ्या उजवीकडे बसवायचो. लॅपटॉप बंद, फोन दुसऱ्या खोलीत. नुसता कान झालो होतो मी. पण पप्पांनी त्यानंतर स्वतःसाठी काहीही मागितलं नाही. परब काकूंचा खोकला, रूथची परीक्षा, सुनीताची कंबर, हेच. दुखणं एवढं वाढलं की बसवत नव्हतं, तेव्हाही विनंती काय तर वॉचमनच्या मुलीला नोकरी लागू दे. मी एकदा न राहवून म्हटलं, “पप्पा, स्वतःचं सांगा ना काहीतरी.” ते म्हणाले, “माझं ठीक आहे रे.” टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी तरलो असतो.

आणि माझी विनंती? ती मी रोज जिभेवर घेऊन बसायचो. पप्पा, त्या बुधवारी मी ऐकत नव्हतो. मला माफ करा. एवढीच दोन वाक्यं. माझी पाळी आली की म्हणायचो, “पप्पांना बरं वाटू दे.” उद्या सांगू, उद्या नक्की सांगू, असं करत राहिलो. एका सोमवारी पहाटे ते गेले.

परब काकू मातीला आल्या होत्या. माझ्या बाजूनं पुढे जाऊन त्यांनी सुनीताला जवळ घेतलं.

आम्ही अजून बसतो. पाहुणे म्हणतात, आजोबांनी काय छान वळण लावलं घराला, बापाचं नाव राखलंस हो सॅमी. मी चहा आणायला आत जातो. परवा पाहुणे नव्हते, तिघंच होतो. रूथनं माझी विनंती विचारली आणि मी, काय धीर आला माहीत नाही, सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप, बंद केलेला आवाज, तो बुधवार. सुनीताला अर्धं माहीत होतं, तिनं मान वर केली नाही. मी रूथच्या उजवीकडे बसलो होतो, म्हणजे माझ्यासाठी तिनं मागायचं होतं. ती नऊ वर्षांची आहे. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, “प्रभू, आजोबांना भीती वाटत होती आणि डॅडीनं ऐकलंच नाही.”

 मग तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघून विचारलं, “डॅडी, आता पुढे काय म्हणू?”