सोनाजींचा स्पॅनिश शब्द

आखाडा बाळापुरात जीप चालवून चालवून सोनाजींचा आवाज असा चढला होता, की घरात पाणी मागितलं तरी शेजारी दचकायचे. बायको सोजराबाई त्या आवाजाला उभा जन्म कंटाळली. मग लेक संध्या नर्स होऊन स्पेनच्या एका वृद्धाश्रमात गेली आणि फोनवरून बापाला एक शब्द शिकवून बसली.

“गड्याला त्रांकिलो, बाईला त्रांकिला. म्हणजे शांत, निवांत. लेकरू गुणानं खेळत असलं तरी तेच, गावात गोंगाट नसला तरी तेच. आणि माणूस घाबरला की पाठीवर हात ठेवून म्हणायचं, त्रांकिलो. घाबरू नको, मी आहे.”

झालं! सोनाजी जीपमध्ये जागेसाठी भांडणाऱ्या बायांना ‘त्रांकिलो’ म्हणून दरडावू लागले. “बाबा, बाईला त्रांकिला! आणि ओरडून न्हाई म्हणत ते,” संध्या हसून हसून लोळायची. रोज फोन ठेवताना ती त्यांच्याकडून तो शब्द हळू म्हणवून घ्यायची. त्या एका शब्दापुरता नवऱ्याचा आवाज खाली यायचा, ते सोजराबाईला फार आवडायचं.

यंदा सोनाजींच्या छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. सोजराबाईनं लेकीला फोन लावला. “बाबाची तब्येत जरा नरम हाय. निघून ये, माय.”

इकडे बाप गेला तरी लांबच्या लेकीला असाच निरोप देतात, वाटेत तिनं ऊर बडवून घेऊ नये म्हणून. सोजराबाईनं स्वतः किती जणींना असं बोलावलं होतं. “आई, कळलं मला,” संध्या हुंदका देत म्हणाली. “मी येईपर्यंत नेऊ नका त्यांना.”

“अगं, जित्ते हायेत! बोलून राहिले!” पण हेही अशा वेळी सगळेच म्हणतात. संध्यानं फोन बंद केला, तो पुन्हा लागलाच नाही.

सोनाजी शुद्धीवर होते. “पोरगी घाबरली असंल. दे इकडं.” त्यांनी सोजराबाईच्या हातातला फोन कानाला लावला आणि तिनं शिकवलं होतं तसं, अगदी हळू म्हणाले, “त्रांकिला, माय. त्रांकिला.” पलीकडे संध्या नाही हे सांगायचा सोजराबाईला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

संध्या आली ती आईच्या गळ्यातच पडली. “मी फोनवर होते तेव्हाच गेले होते ना गं? नाहीतर मी बोलले असते त्यांच्याशी.”

खरं सांगावं, तर पोरगी जन्मभर स्वतःला खात राहील. न सांगावं, तर त्या माणसाचं शेवटचं बोलणं तिला कधीच पोचणार नाही. सोजराबाईनं जमलेल्या बायांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“व्हय माय,” ती म्हणाली, “तवाच.” मग लेकीच्या पाठीवर हात ठेवून, त्याच हळू आवाजात म्हणाली, “त्रांकिला.”

संध्याला वाटलं, आई आपली समजूत घालते आहे.