वाडीच्या फ्लॅटमधला गॅस कोण बंद करतं?

भूतप्रेत, बाहेरचं, लागीर... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. हसायचं तर हसा.

मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंगचं काम करते. बाबा गेल्यावर आई उमरेडला एकटी होती आणि तिचं विसरणं वाढत चाललं होतं. एकदा दूध गॅसवर ठेवून शेजारी गप्पा मारत बसली, इकडे स्वयंपाकघराचा पडदा पेटला. लोक धावले म्हणून निभावलं. तिला माझ्याजवळ आणणं भागच होतं, पण परवडेल असा वन बीएचके मिळायला नको? पार जरीपटक्यापासून वाडीपर्यंत पाय झिजवले. "मिस्टर कुठं असतात? आडनाव काय? म्हातारीले विसरायचा आजार? नाही बा, गॅसबिस उघडा राहिला तं?" डोकं फिरायचं नुसतं! शेवटी ऑफिसजवळच, गोडाऊनच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट मिळाला. मालकानं आईकडे पाहिलं, काही न विचारता चावी दिली.

नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचंच, हा आईचा हट्ट. ते मात्र ती विसरली नव्हती! दूध फुगून काठाशी आलं आणि... टक! गॅस बंद.

"काहून बंद केला वं?" आई माझ्यावरच चिडली.

"मी तर इथं दारात उभी आहे!"

पुन्हा पेटवला. या वेळी मी बटणावर डोळे लावून बसले. दूध काठाशी आलं, आणि बटण माझ्यासमोर हळूच फिरलं. हात कोणाचाच नाही! बटण ढिलं असेल म्हणून मेकॅनिक आणला. तो म्हणाला, "मॅडम, बटण तर एकदम टाइट आहे."

मग रोजचंच झालं. मी रेग्युलेटर बंद करून ऑफिसला जायची, आई तो उघडायची. संध्याकाळी येऊन पाहावं तर भाजी नेमकी शिजलेली, गॅस बंद, आई झोपलेली. शेजारच्या काकूंना विचारलं, आधी कोण राहायचं? "भाडेकरू येतात-जातात, कोणाकोणाचं ध्यानात ठेवू?" एवढंच.

एक दिवस ऑफिसातून लवकर आले तर आई रिकाम्या ओट्याशी बोलून राहिली होती. "राहू दे ना वं, मी पाहतो." तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात भास होतात. होत असतील हो! पण बटण मी माझ्या डोळ्यांनी फिरताना पाहिलं होतं. एजंटला दुसरा फ्लॅट बघायला सांगून टाकलं.

गेल्या शनिवारी घरी आले. आईनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं... आणि नजरेत ओळखच नाही. असं आधी कधीच झालं नव्हतं. ती स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, "ही कोण आहे वं?"

मग मान कलती करून ऐकत राहिली.

"असं का? माही पोरगी?" माझ्याकडे वळली. चेहरा सगळा उजळला. "अवं चिमे! डबा तसाच वापस आणला म्हणते हे बाई. काहून जेवली नाही वं?"

चिमी हे माझं उमरेडचं नाव. ते तिचं तिला आठवलं असेल, धरून चालू. पण डबा? त्या दिवशी कामाच्या गडबडीत खरंच जेवले नव्हते. डबा भरलेलाच होता, बॅगेत. आणि बॅग अजून माझ्या खांद्यावर होती.

मी तिथेच उंबरठ्यावर बसून रडले. आई पाठीवर हात फिरवत होती.

कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. परवा एजंटचा फोन आला, चांगला फ्लॅट मिळतोय म्हणून. म्हटलं, राहू द्या. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? आंघोळ करतानाही दाराची कडी लावत नाही. पण सकाळी निघताना ओट्याकडे पाहून म्हणते, "आईवर ध्यान ठेवजो, बाई. अन् मले विसरली तं सांगजो तिले."